गाणे गोंधळ्याचे, नाव आणि कमाई चॅनलची

माननीय संपादक महोदय,

नवरात्र जवळ आले की तुळजापूर, माहूर आणि अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आराध्यांची आणि गोंधळ्यांची गाणी कानावर येऊ लागतात; अलीकडे मात्र ती संबळावर कमी आणि मोबाइलवर किंवा डीजेवर अधिक वाजतात. गाणे दूरवर पोहोचते आहे, याचा मला आनंदच आहे. माझी तक्रार एवढीच आहे की, ज्याच्या गळ्यातून ते गाणे निघते, त्या कलावंताचे नाव आणि त्याचा वाटा मध्येच कुठेतरी गळून पडतो.

गोंधळ हा मुळात रात्रभर चालणारा विधी आहे. चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, ठिकठिकाणच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवतण द्यायचे, मग आख्यान लावायचे आणि शेवटी आरती करायची, असा त्याचा क्रम असतो. गेल्या वर्षी शेजारच्या गावात अशाच गाण्याचे चित्रीकरण मी जवळून पाहिले. गोठ्यासमोरच्या मोकळ्या जागेत साठीतला गोंधळी कवड्यांची माळ घालून उभा होता, मुलगा संबळावर आणि पुतण्या तुणतुण्यावर होता. आवतण संपून आख्यानाला तोंड फुटते न फुटते तोच स्टँडवर मोबाइल लावलेला तरुण म्हणाला, “मामा, बास. पुढचं कुणी बघत नाही. ती पहिलीच ओळ परत जोरात म्हणा.” तीच ओळ त्याने पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, दोन हजार रुपये हातावर ठेवले आणि तो निघून गेला. कागद नाही, सही नाही. व्हिडिओवर नाव झळकले ते फक्त चॅनलचे. ज्या आख्यानासाठी या घराण्यांत लहानपणापासून पाठांतर करून घेतले जाते, त्याला गिऱ्हाईकच उरले नाही, तर पुढची पिढी ते पाठ तरी कशाला करील?

यंत्राने गाण्याला कात्री लावण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. 1902 साली गौहर जान यांचे गाणे कोलकात्यात ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मावत असल्याने सगळी गायकी त्यातच बसवावी लागे. पण गाणे संपताना त्या स्वतःचे नाव मोठ्याने सांगत आणि ते नाव त्या तबकडीवर कायमचे राहिले. आपल्याकडे तर ही सोय शतकानुशतके आहे. पैठणच्या नाथांच्या भारुडात शेवटी ‘एका जनार्दनी’ येते आणि शाहीरही अखेरच्या चरणात आपले नाव गुंफतो. रीलमध्ये सर्वांत आधी कापला जातो तो नेमका हाच चरण.

आता पैशाचे बघू. चॅनलचे 1,000 सबस्क्रायबर झाले आणि वर्षभरात त्याचे व्हिडिओ 4,000 तास पाहिले गेले की यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नात वाटा मिळू लागतो, आणि मोठ्या व्हिडिओंवर हा वाटा 55 टक्के असतो. व्हिडिओ जोवर पाहिला जातो तोवर ही कमाई चालू राहते. गायकाची बिदागी मात्र त्या एका दुपारीच संपलेली असते. चॅनल चालवणाऱ्या तरुणांना मी दोष देत नाही. ती आमच्याच गावांतली, शिकूनही नोकरी न लागलेली पोरे आहेत आणि चित्रीकरण, एडिटिंग यांतही श्रम आहेतच. परंतु त्यांच्या श्रमाचा हिशेब होतो, तसा गायकाच्या श्रमाचाही व्हायला हवा.

‘पारंपरिक गाणे कुणाच्या मालकीचे नसते’ हे उत्तर नेहमी ऐकायला मिळते आणि ते अर्धेच खरे आहे. गाणे सर्वांचे असले, तरी त्याचे सादरीकरण त्या कलावंताचे असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती होऊन सादरकर्त्याचा हक्क मान्य झाला. गायक-वादकच काय, डोंबारी आणि सापवाले गारुडीसुद्धा त्या व्याख्येत बसतात. हा हक्क आज 50 वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापर झाल्यास रॉयल्टीचा आणि सादरकर्ता म्हणून ओळख मिळण्याचाही हक्क दिला आहे. कायदा असा गायकाच्या बाजूने उभा असताना आमच्या भागातल्या किती कलावंतांपर्यंत तो पोहोचला आहे?

यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने सोप्या मराठीत एका पानाचा करारनामा तयार करून तो ग्रामपंचायतींमधून उपलब्ध करून द्यावा. त्यात गायक-वादकांची नावे व्हिडिओवर देण्याची अट आणि उत्पन्नातील वाट्याचा रकाना असावा. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी जे अर्ज करतात, त्यांना तो अर्जासोबतच मिळावा. मराठवाड्यातील विधी महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी नवरात्रात तुळजापूरला आणि पुढे माळेगावच्या यात्रेत पाठवून कलावंतांना हा कागद वाचून दाखवावा. आणि जिल्हा परिषदांनी आपल्या मंचावरील कार्यक्रमांचे चित्रीकरण करू देताना चॅनलवाल्यांकडून असा करार आधी मागावा. येत्या नवरात्रापूर्वी निदान धाराशिव जिल्ह्यात तरी याची सुरुवात व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. तुळजापूर, जि. धाराशिव