कूलंट जोडणी ‘ऐच्छिक’ सांगून विकलेल्या बॉल बेअरिंग टर्बोची वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

महोदय,

मी रत्नागिरीचा राहणारा असून मिरकरवाडा बंदरातून मासळी आणि हंगामात हापूस घेऊन आंबा घाटमार्गे कोल्हापूरला जाणारा पिकअप मी स्वतः चालवतो. आपल्या कंपनीचा बॉल बेअरिंग टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र, मी आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला आणि त्यांच्याच वर्कशॉपमध्ये बसवून घेतला. वॉरंटीची मुदत शिल्लक असतानाच त्याचा शाफ्ट (फिरणारा दांडा) जाम झाला. माझा दावा फेटाळताना आपण दोन कारणे कळवली आहेत. एक, टर्बोला ऑइल कमी पडले. दुसरे, कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, लाइन जोडलेली नव्हती. यातील पहिले कारण उघडलेल्या टर्बोशी जुळत नाही. दुसरे कारण खरे आहे, परंतु त्याचा दोष माझ्याकडे येऊ शकत नाही, कारण आपल्याच माहितीपत्रकात ‘कूलंट जोडणी ऐच्छिक’ असे स्पष्ट छापले आहे.

टर्बो खोक्यातून काढला तेव्हा पाण्याच्या दोन्ही तोंडांना कारखान्यातूनच ती बंद करणारे डमी बोल्ट बसवलेले होते आणि त्यांवर पिवळ्या रंगाची खूण होती. ती खूण आजही मोडलेली नाही. फिटरने विक्रेत्याला माझ्यासमोर विचारले असता, जोडले तर उत्तम, नाही जोडले तरी चालेल, असे उत्तर मिळाले. जी जोडणी नसल्यामुळे वॉरंटी रद्द होते, ती ऐच्छिक कशी, याचा खुलासा आपल्या पत्रात कुठेही नाही.

मुळात या टर्बोला ऑइलबरोबर पाणीही लागते का, हा प्रश्न आपण ग्राहकाच्या मर्जीवर सोडला, हीच माझी मुख्य तक्रार आहे. माझ्या गाडीचा जुना टर्बो बुश बेअरिंगचा होता आणि तो अनेक वर्षे केवळ ऑइलवर चालला. त्या रचनेत शाफ्ट ऑइलच्या थरावर तरंगत फिरतो, त्यासाठी ऑइलचा प्रवाह भरपूर ठेवावा लागतो आणि तोच प्रवाह बेअरिंगमधील उष्णताही वाहून नेतो. बॉल बेअरिंगमध्ये घर्षण कमी असल्यामुळे टर्बो कमी आरपीएमलाच जोर धरतो, आणि साखरप्यानंतर भरलेल्या गाडीने घाट चढताना तो फरक मला खरोखर जाणवला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु गोळ्यांच्या बेअरिंगला वंगणापुरतेच ऑइल पुरते, जास्त झाले तर ते सीलमधून बाहेर येते, आणि म्हणूनच आपण ऑइलच्या लाइनमध्ये बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर दिला आहे. ऑइल मुद्दाम कमी केले, तर त्याने वाहून न्यायची उष्णता दुसऱ्या कोणीतरी वाहून नेली पाहिजे, आणि ते काम कूलंटचे आहे.

त्याहूनही महत्त्वाची बाब इंजिन बंद केल्यानंतरची आहे. चढावर डिझेल इंजिनाच्या एक्झॉस्टचे तापमान ७०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते आणि त्या उष्णतेने टर्बाइनचे (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाचे) बिडाचे घर व इंजिनातून तिथवर एक्झॉस्ट आणणारा मॅनिफोल्ड दोन्ही तापलेले असतात. इंजिन चालू असते तोवर ऑइल फिरत राहते. ते बंद झाले की ऑइल पंप थांबतो, तापलेल्या बिडातील उष्णता बेअरिंग असलेल्या मधल्या भागाकडे सरकू लागते आणि बेअरिंगवर राहिलेले थोडेसे ऑइल जागच्या जागी करपून त्याचा कार्बन होतो. कूलंट जोडलेले असेल, तर वॉटर पंप थांबल्यावरही गरम झालेले पाणी आपोआप वर चढते, त्याच्या जागी खालून थंड पाणी येते आणि हा फेरा बराच वेळ चालू राहतो. अट एवढीच की आत येणारी लाइन खाली व बाहेर जाणारी वर असावी, आणि वरची लाइन मध्ये कुठेही खाली न झुकता चढत जावी, म्हणजे हवा अडकत नाही. आपल्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळसुद्धा नाही.

आंबा गावात पोहोचल्यावर मासळीच्या क्रेटवरील दोऱ्या तपासण्यासाठी गाडी थांबवावीच लागते, आणि घाटात वाहतूक अडली तर सगळ्याच गाड्यांची इंजिने बंद होतात. मी इंजिन बंद करण्यापूर्वी ते थोडा वेळ आयडलवर ठेवतो, आणि ही सवय जुन्या टर्बोपासूनची आहे. तिचा उपयोग होतो, परंतु तेवढ्या वेळात बिडाचे सगळे घर निवत नाही. कोकणातून वर देशावर माल नेणाऱ्या प्रत्येक गाडीला आंबा, कुंभार्ली, फोंडा किंवा गगनबावडा यांसारखा एखादा घाट चढावाच लागतो. अशा भागात टर्बो विकताना इंजिन बंद झाल्यावर काय होते, याचा विचार आपल्याकडून अपेक्षित होता.

आता पुराव्याबद्दल. टर्बो उघडला तेव्हा मी हजर होतो. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाच्या, बाजूचे बेअरिंग स्वच्छ होते आणि त्याच्या गोळ्यांची चमक कायम होती. टर्बाइनच्या बाजूच्या बेअरिंगचा, गोळ्या जागेवर धरणारा पिंजरा तपकिरी-निळा पडून एका ठिकाणी तुटला होता, आणि त्याच्या भोवतालच्या पोकळीत भाकरीच्या तव्यावरील करपीसारखा काळा, कडक थर बसला होता, जो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडूनच काढावा लागला. रिस्ट्रिक्टरचे भोक मोकळे होते, उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसत होते. टर्बोच्या तोंडाशी मोजलेला ऑइलचा दाब आपल्याच माहितीपत्रकातील मर्यादेत होता. ऑइल खरोखर कमी पडले असते, तर दोन्ही बेअरिंगांवर त्याच्या खुणा दिसल्या असत्या. एकच बाजू, आणि तीही टर्बाइनची, जळालेली आहे, याचा अर्थ उष्णता बाहेरून आत आली आणि तिला वाट मिळाली नाही, असाच होतो. ऑइल व फिल्टर बदलल्याची बिले आणि दोन्ही बेअरिंगांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

प्रत्येक बॉल बेअरिंग टर्बोला पाणी लागतेच, असा माझा दावा नाही. पाण्याशिवाय चालतील अशा रचनेचे बॉल बेअरिंग टर्बोही बाजारात मिळतात. परंतु आपल्या टर्बोच्या मधल्या भागात बेअरिंगभोवती पाण्यासाठी पोकळी ओतलेली आहे आणि तिला आटे पाडलेली दोन तोंडे आहेत. एवढा खर्च कोणताही कारखाना उगाच करत नाही. हे मॉडेल पाण्याशिवाय चालावे म्हणून बनवले आहे की नाही, याचे उत्तर आपल्या तांत्रिक विभागाने ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लेखी द्यावे. उत्तर ‘होय’ असेल, तर वॉरंटी नाकारण्याचे आपले दुसरे कारण उरत नाही. ‘नाही’ असेल, तर ‘ऐच्छिक’ हा शब्द छापून आपण ग्राहकांची दिशाभूल केली आहे, आणि माझ्यासारख्या इतर ग्राहकांचे टर्बोही आज त्याच वाटेवर असतील. त्यांना कळवणे आपले कर्तव्य आहे.

आपण मला नवा टर्बो, त्याबरोबर योग्य लांबीच्या कूलंट लाइन, त्या जोडणारे पोकळ बँजो बोल्ट व वॉशर द्यावेत आणि जोडणी आपल्या खर्चाने करून द्यावी. ते शक्य नसेल, तर टर्बोची पूर्ण किंमत व बसवण्याची मजुरी परत करावी. माहितीपत्रक दुरुस्त करून ते मराठीतही छापावे आणि पाणी कोणत्या तोंडातून आत व कोणत्या तोंडातून बाहेर जाते, हे आकृतीसह दाखवावे, कारण टर्बो बसवणारे इथले बहुतेक फिटर मराठीच वाचतात.

१ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असल्यामुळे तूर्त माझे काम थोडे थांबलेले आहे. १ ऑगस्टनंतर मात्र गाडी रस्त्यावर असणे माझ्या घराच्या पोटापाण्यासाठी आवश्यक आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, त्यामुळे मी ग्राहकच ठरतो.

बिघडलेला टर्बो मी न धुता, कार्बनच्या थरासह, तसाच जपून ठेवला आहे आणि तो कुरिअरने पाठवणार नाही. आपल्या अभियंत्याने रत्नागिरीला येऊन माझ्या व फिटरच्या समक्ष तो तपासावा. येण्याची तारीख आधी कळवल्यास मी वर्कशॉप उघडे ठेवण्याची व्यवस्था करेन.

आपला,
एक पिकअपमालक व चालक
मिरकरवाडा, रत्नागिरी