फोंताईन्हासमधल्या अनोळखी माणसांचे आभार
आईला घेऊन पणजीच्या फोंताईन्हासमध्ये पोर्तुगीज काळातल्या घराचं हॉटेल केलंय तिथे राहिलो, गल्ली इतकी अरुंद की टॅक्सी आत येईना आणि आईचे गुडघे दुखणारे, तर सेंट सेबॅस्टियन चॅपेलजवळच्या दोन मुलांनी काही न विचारता बॅगा उचलल्या, एका मावशींनी आईला आपल्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, बसवून पाणी दिलं. नाव सांगायलाही कुणी थांबलं नाही हो! हॉटेलातल्या दादांनी जिना नको म्हणून खालची खोली दिली, वर काचेऐवजी शिंपले लावलेल्या खिडक्या उघडून दाखवल्या, ऊन काय मऊ येतं त्यातून!! असली घरं पुन्हा उभी करणाऱ्या सुतार-गवंड्यांचेही खूप खूप आभार. कुणी ओळखत असाल तर त्यांना नक्की सांगा, देव बरें करूं 🙏