तुकडीवरून मासा : लॅबमधल्या ताईंना पत्र

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गणपतीच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी, लालबागच्या गल्लीतल्या तुमच्या त्या चिंचोळ्या लॅबमध्ये दहा वर्षांच्या मुलीचं मनगट घट्ट धरून एक घामाघूम बाप आला होता, तो मी. मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, ‘‘अहो, तिचा हात सोडा, मला तो बघायचाय.’’

ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या अण्णांना टीबी निघाला. आयुष्यभर गिरणीत कापसाची धूळ खाल्लेला माणूस, त्यामुळे त्यांचा खोकला आम्ही घरातल्या पंख्याच्या आवाजासारखा धरून चाललो होतो. ती आमची चूक. मग डॉक्टरांनी घरातल्या मुलांची मॉन्टू टेस्ट, म्हणजे टीबीसाठी कातडीत टोचून करतात ती, करायला सांगितली. गुरुवारी तुम्ही मुलीच्या हातात ती बारीक सुई दिलीत आणि शनिवारपर्यंत तिथे लालबुंद, टणक गाठ आली. तुमच्याकडे येण्याआधी वाटेत एका दवाखान्यात दाखवली. तिथल्या माणसाने मान वर न करता ‘पॉझिटिव्ह, म्हणजे टीबीच’ असं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली. तिथून तुमच्यापर्यंतची सात मिनिटं मी कशी चाललो ते मला आठवत नाही.

तुम्ही साधं बॉलपेन घेतलंत. लाल भागाकडे लक्षच दिलं नाहीत. पेन बाहेरून गाठीकडे हळूहळू सरकवत आणलंत, अडलं तिथे थांबलात, मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन रेघांमध्ये पट्टी धरलीत : 14 मिलिमीटर. ‘‘लाली मोजायची नसते, टणकपणा मोजायचा,’’ असं म्हणालात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून खुर्ची पुढे सरकवलीत. बाहेर चार जण ताटकळत होते, तरी.

‘‘ही गाठ म्हणजे टीबी नाही. तिच्या शरीराने हा जंतू आधी कधीतरी पाहिलाय आणि तो लक्षात ठेवलाय, एवढंच ही गाठ सांगते. आजार आहे की नाही ते एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतील.’’ मग विचारलंत, ‘‘मासे खाता ना?’’

मला वाटलं, पथ्य सांगताय.

पुढची पंधरा मिनिटं तुम्ही पावतीच्या मागे चित्रं काढत जे सांगितलंत, ते मी घरी येऊन हिला सांगितलं, अण्णांना सांगितलं, सोमवारी ऑफिसात दोघांना सांगितलं. जसं समजलं तसं इथे लिहितो. चुकलं असेल तर मी परत येईन.

आपल्या अंगात टी पेशी नावाचे शिपाई असतात, पण त्यांना अख्खा जंतू ओळखता येत नाही. समोर आणून ठेवला तरी नाही. त्यांना लागते तुकडी. कातडीत, फुप्फुसात डेंड्रायटिक पेशी बसलेल्या असतात. कोळीण, म्हणालात तुम्ही. ती जंतू गिळते, आत त्याची प्रथिनं कापते आणि एकेक छोटी तुकडी एका ठरावीक ताटलीत ठेवून पेशीच्या बाहेर धरते. त्या ताटलीचं नाव एमएचसी. माणसात त्यालाच एचएलए म्हणतात, हे ऐकून मी चमकलो, कारण ऑफिसातल्या एकाच्या किडनीच्या वेळी ‘एचएलए मॅचिंग’ हा शब्द महिनाभर कानावर पडत होता.

ताटल्या दोन जातीच्या. एक जवळजवळ प्रत्येक पेशीच्या दारावर असते : घरात काय शिजतंय त्याचा नमुना, आठ ते दहा अमिनो आम्लांचा. आत विषाणू शिरून आपलं कालवण शिजवायला लागला की तोही नमुन्यात दिसतो आणि मारेकरी टी पेशी ते घरच पाडतात. दुसरी ताटली थोड्याच पेशींकडे असते, त्यात मुख्य ही कोळीण. तीत बाहेरून गिळलेल्या मालाची जरा लांब तुकडी ठेवतात आणि ती बघायला मदतनीस टी पेशी येतात. टीबीत या मदतनिसांचं काम मोठं.

आता गंमत अशी की एकेक टी पेशी जन्मभर एकाच माशाची तुकडी ओळखते. सुरमईवाली सुरमईच, बांगडेवाली बांगडाच. असं गिऱ्हाईक दादरच्या मासळी बाजारात उपाशी मरेल. (मी स्वतः सुरमई आणि घोळ यांच्या तुकड्यांत गोंधळतो, त्यावरून घरी पुष्कळ ऐकून घेतलंय.) आणि नेमकं हवं ते गिऱ्हाईक लाखात एखादं. म्हणून कोळीण दारोदार हिंडत नाही, ती टोपली घेऊन बाजारात जाते. हा बाजार म्हणजे लसिका ग्रंथी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, आजी त्यावर गरम पिशवी ठेवायची. ते अवधाण म्हणजे भरलेला बाजार, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी मोठ्याने हसलो आणि मुलगीही हसली. त्या दिवसातलं ते तिचं पहिलं हसू. बाजारात ती कोळीण तासाला शेकडो टी पेशींना तुकडी दाखवते, तेव्हा कुठे एक थांबते.

थांबली तरी सौदा होत नाही. तुकडी ओळखणं ही एक खूण. दुसरी खूण म्हणजे कोळणीची हाक. जंतू गिळताना तिला धोका जाणवला असेल तरच तिच्या अंगावर बी-7 नावाचे रेणू उगवतात आणि टी पेशीवरच्या सीडी-28 नावाच्या रेणूला जाऊन भिडतात. नुसती तुकडी दिसली आणि हाक आलीच नाही, तर ती टी पेशी बधिर होते, पुढे खरी हाक आली तरी उठत नाही. मला हे आधी क्रूर वाटलं. मग तुम्ही म्हणालात, ‘‘टोपलीत आपल्याच अंगाच्या तुकड्याही असतात की. त्यांच्यावर कोणी उठू नये म्हणून ही सोय.’’ हे वाक्य अजून माझ्या डोक्यात फिरतंय. अनेक लशींत तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार घालतात तेही हाक उठावी म्हणूनच, असंही तुम्ही जाता जाता सांगितलंत.

आणि दोन दिवस का थांबायचं? ॲलर्जीची गांधी मिनिटांत उठते. इथे मात्र टोचलेलं असतं ते जंतूंचं फक्त प्रथिन, जिवंत काही नाही. कातडीतल्या पेशी त्याच्या तुकड्या मांडणार, आधीच्या ओळखीच्या मोजक्या टी पेशी रक्तातून फिरत फिरत तिथे येणार, त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं निरोपाचं प्रथिन सोडून बाकीच्यांना बोलावणार, मग जमाव होणार. त्याला 48 ते 72 तास लागतात. मी दोन रात्री जिला शिव्या देत जागलो ती गाठ म्हणजे हा जमाव.

माझ्या पुतण्याचं तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं ठरलं. तो जुलैअखेरीस गावाहून आला होता, त्याची टेस्ट शून्य आली आणि आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. टीबीचा जंतू लबाड, तो गिळणाऱ्या पेशीच्या पोटातच पचन अडवून बसतो. बाजारात खबर पोचायलाच उशीर होतो, त्यामुळे संसर्गानंतर दोन ते आठ आठवडे टेस्ट कोरी राहू शकते. डॉक्टरांना विचारून पुन्हा करा, म्हणालात. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दुसऱ्या वेळी 11 मिलिमीटर.

एका माणसाबद्दल तुम्हाला ठाऊक असेलच, तरी लिहितो, कारण तुमच्यामुळेच मी वाचायला लागलो. ही कोळीण 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत ओळखली. कातडीतली तिची बहीण तर 1868 मध्येच बर्लिनच्या पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याला दिसली होती, पण त्याला वाटलं, या मज्जापेशी. स्टाइनमनवर बरीच वर्षं फारसा कोणी विश्वास ठेवत नव्हतं. पुढे त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्याने स्वतःच्याच डेंड्रायटिक पेशींना त्या गाठीची ओळख करून देऊन त्या परत टोचून घेतल्या. तो चार वर्षांहून जास्त जगला. ते त्यामुळेच, असं म्हणता येत नाही. 30 सप्टेंबर 2011 ला तो गेला आणि तीन दिवसांनी नोबेल जाहीर झालं. समितीला तो गेल्याचं कळलंच नव्हतं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, तरी ते कायम ठेवलं.

झिंकरनागेल आणि डोहर्टी या दोन शास्त्रज्ञांचंही वाचलं. 1974 मध्ये कॅनबेरात त्यांनी दाखवलं की टी पेशीला तुकडी आपल्याच ताटलीत लागते. परक्या ताटलीत तीच तुकडी ठेवली तर ती ढुंकूनही बघत नाही. हे वाचून हीसुद्धा म्हणाली, ‘‘अगदी तुमच्या आईसारखं.’’ मी उत्तर दिलं नाही.

परळला हाफकिन इन्स्टिट्यूटवरून माझी बस रोज जाते. 1897 मध्ये याच शहरात हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा ही ताटली, ही हाक, यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. हल्ली बस तिथे सिग्नलला थांबली की मला ते आठवतं.

मुलीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. दोन्ही मुलांना आजार नाही; प्रतिबंधक गोळ्या चालू आहेत. अण्णांचं वजन तीन किलोने वाढलं आणि ते पुन्हा सगळ्यांवर खेकसू लागलेत. मुलीने शाळेत ‘माझ्या अंगातली कोळीण’ असं चित्र काढलं, त्यात टोपलीवर तुमचा चष्मा लावलेला चेहरा आहे. बाईंना ते कळलं नाही.

तुमच्याकडची पावती ऑफिसात मेडिकलच्या बिलासाठी जमा करायची होती. त्यांना मूळ प्रत लागते, झेरॉक्स चालत नाही. पण तिच्या मागे तुमची ताटली आहे, तुकडी आहे आणि हाक मारणाऱ्या कोळणीचं उघडं तोंड आहे. बिल मी भरलं नाही.

तुमचा,
14 मिलिमीटरवाल्या मुलीचा बाप