सफरचंदाची पानगळ करणाऱ्या मावशींना

मावशी, तुम्हाला आणि तुमच्या टोळीतल्या सगळ्या बायांना नमस्कार.

यंदा सफरचंदाच्या फांद्या बुडापासून शेंड्यापर्यंत सारख्या फुटल्या. त्याचं श्रेय खताला नाही, औषधालाही नाही, हातानं पानं खुडणाऱ्या तुमच्या बोटांना आहे. म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

नेहमीच्या जातींना सात अंशांखालचे हजारेक तास थंडी लागते. मराठवाड्यात पहाटे गारठा पडला तरी दुपारी ऊन तापतंच. म्हणून अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन, एचआरएमएन-99 अशा कमी थंडीच्या जाती लावायच्या. पण इथं त्यांचीही पानं डिसेंबरात आपणहून झडत नाहीत. जुनं पान आहे तोवर त्याच्या बेचक्यातला डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची कळी, दबून राहतो. मग शेंडा तेवढा फुटतो, खालची फांदी मुकीच राहते. इंडोनेशियात मलंगजवळच्या बाटूत तोडणीनंतर हातानं पानं काढूनच वर्षाला दोन बहार धरतात.

म्हणूनच तुमचं काम फार मोलाचं. एका हातानं फांदी धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पान घेऊन खुडायचं आणि देठाचा तुकडा फांदीवरच ठेवायचा. तो वाळून आपोआप गळतो. घाईनं खाली ओरबाडलं की देठाबरोबर साल सोलते आणि डोळाही जातो. नव्या पोरींच्या हाताला तुम्ही हे वळण लावलंत. झाडावर एकही पान मागं ठेवलं नाहीत, कारण पानं राहिलेली फांदी उशिरा फुटते आणि मोहर पुढं-मागं होतो. धाराशिव-लातूरच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावणारे हात हे. डोळा कसा जपायचा, ते त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आमच्याकडचं काम सोपं होतं. पानगळीआधी पाण्याचा ताण, म्हणजे पाणी बंद ठेवायचं. हलक्या रानात दोन आठवडे पुरतात, काळ्या जमिनीत ओल धरून राहते म्हणून तीन-चार लागतात. पानं उतरल्यावर शेंडे हलके छाटायचे, उभ्या फांद्या सुतळीनं आडव्याकडं ओढून बांधायच्या, म्हणजे शेंड्याचा जोर मोडतो. मग 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी असं बुरशी रोखणारं बोर्डो मिश्रण डोळे फुटायच्या आत फवारायचं. उघड्या खोडाला चुना लावायचा, नाहीतर पश्चिमेच्या उन्हानं साल तडकते. त्यानंतर पाणी सोडायचं.

बाकी बागायतदारांनाही सांगणं आहे: पानगळीची मजुरी झाडावर ठरवू नका, दिवसावर द्या. झाडावर दिली की हात ओढायला लागतो.

मावशी, फळ बोराएवढं झालं की विरळणी. घोसात एक, फार तर दोन फळं ठेवायची, दोन घोसांत वीतभर अंतर. त्या कामालाही तुम्हीच या, कात्र्या आम्ही धार लावून ठेवतो.

तुमचे,
सफरचंद लावणारे आम्ही शेतकरी