पसरणी घाटात माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचाल की नाही कोण जाणे. बिल लिहिताना तुम्ही चष्मा शोधत होतात, शेवटी आकडा पोराकडून लिहून घेतलात. तोच पोरगा मोबाइलवर तुम्हाला हे वाचून दाखवील, या भरवशावर लिहिते आहे. त्या दिवशी तुमच्या दारात उभं राहून मी नुसतं "थँक्यू काका" म्हटलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघाले. ते मनाला लागून राहिलं आहे.

गाडी नेऊन आज नऊ दिवस झाले. शाळेच्या प्रत्येक दिवशी सकाळी वाईहून पाचगणी चढले, संध्याकाळी उतरले. एकदाही बंद पडली नाही. तरी ते वळण आलं की हात अजून स्टिअरिंगवर घट्ट आवळले जातात. पाच महिन्यांची सवय आहे, जायला वेळ लागेल.

ही गाडी अण्णांची, हे तुम्हाला सांगितलं होतं. १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली. प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून, पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा ती शेडमध्ये उभी राहिली. पुढच्या वर्षी अण्णा गेले. २०२२ मध्ये तिसऱ्यांदा पासिंग करून मी ती पुन्हा रस्त्यावर काढली, आणि गावातल्या गावात तिनं कधी त्रास दिला नाही. गेल्या जूनमध्ये माझी बदली वर पाचगणीच्या शाळेत झाली आणि रोजचा घाट सुरू झाला. दुखणं तिथून निघालं. अर्धा घाट चढला की गाडी आचके द्यायची, अॅक्सिलरेटर दाबला तरी ओढायची नाही आणि बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की काहीही न करता सुरू. वर पोचायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जुलैत पसरणी घाटात धुकं उतरतं तेव्हा दहा हातांवरचं दिसत नाही. अशा धुक्यात, चढावर, वळणाला गाडी बंद पडते आणि मागून एसटीचा हॉर्न येतो, तेव्हा पोटात काय होतं ते ज्याच्यावर गुदरलं त्यालाच ठाऊक. एकदा आई सोबत होती. तिनं मागच्या सीटवर डोळे मिटून जे स्तोत्र सुरू केलं ते गाडी पुन्हा चालू होईपर्यंत थांबवलं नाही. त्या दिवसानंतर ती या गाडीत बसेना.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी गेले होते. नावं घेत नाही, पण राग आहे आणि तो लपवत नाही. पहिल्यांनी फिल्टर आणि प्लग बदलले. दुसऱ्यांनी कार्बोरेटर खोलून किट टाकलं, कॉइल बदलली, पेट्रोल पंप नवा घातला आणि फिल्टर पुन्हा बदलला. तिसरं मोठं, काचेचं वर्कशॉप. तिथल्या मुलानं बॉनेट उघडून पाहिलं आणि या गाडीला स्कॅनर लावायची जागाच नाही, तेव्हा आम्ही काही सांगू शकत नाही, म्हणाला. एवढं निदान खरं बोलला. पण त्याच्या साहेबांनी बाहेर येऊन भंगाराचा भाव सांगितला. माझ्या वडिलांच्या गाडीचा, मी न विचारता.

पैसे गेले, सोळा हजारांच्या वर. पण त्याहून जिव्हारी लागलं ते वेगळंच. प्रत्येक ठिकाणी गाडी जागेवर चालू ठेवून, फार तर बाजारापर्यंत एक फेरी मारून, "मॅडम, गाडीत काही नाही" असं मला ऐकवलं गेलं. मग प्रश्न सुरू. चोक ओढून ठेवता का? क्लचवर पाय ठेवून चालवता का? घाटात कुठल्या गिअरला नेता? एकानं तर घरातल्या कुणा पुरुषमाणसाला पाठवून द्या, असं सांगितलं. मी बावीस वर्षं गाडी चालवते आहे, काका. तरी चौथ्या महिन्यात मला स्वतःचीच शंका येऊ लागली होती. बंद पडताना आपलंच काही चुकतं का, हे बघायला मी चढावर पायांकडे लक्ष देऊन गाडी चालवत होते. हे किती धोक्याचं होतं ते आता कळतं.

आणि मग पाचवड रस्त्यावरची तुमची पत्र्याची शेड. तुम्ही बॉनेट उघडलंच नाहीत. हात पुसत स्टुलावर बसलात आणि विचारलंत, "बाई, बंद पडायच्या आधी काय होतं? सावकाश सांगा." मी सांगत गेले, तुम्ही मधे एकदाही बोलला नाहीत. शेवटी दोनच गोष्टी विचारल्यात. सपाटीला कधी पडली का? आणि पडल्यावर लगेच सुरू होते, की थांबावं लागतं? मग म्हणालात, "मला अजून ठाऊक नाही. चला, घाटात जाऊन बघू." पाच महिन्यांत "मला ठाऊक नाही" म्हणणारे तुम्ही पहिले. ते ऐकून मला धीर आला.

सीटवर वर्तमानपत्र अंथरून तुम्ही शेजारी बसलात. मी चालवायची, तुम्ही ऐकायचं. नेहमीच्या जागेच्या थोडं पुढे, जिथून खाली धोमचं पाणी दिसतं तिथे, गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली. सवयीनं माझ्या तोंडून "सॉरी" निघालं. तुम्ही दार उघडता उघडता म्हणालात, "सॉरी कशाला? बरं झालं, पडली. आता सापडंल."

त्यानंतर तुम्ही जे केलंत, त्याचसाठी खरं तर हे पत्र आहे. चाकामागे दगड लावलात, मागच्या एसटीला हात करून पुढे काढलंत, इंजिनाकडची पेट्रोलची नळी सोडवून फडक्यानं पुसलीत. आणि एकट्यानं काम उरकायच्या ऐवजी मला मागे पाठवलंत. टाकीचं झाकण काढायला लावलंत. म्हणालात, "तोंडाला कान लावा. मी फुंकतो. काय ऐकू येतं ते मला सांगा."

मी रस्त्याच्या कडेला वाकून टाकीच्या तोंडाशी कान नेला. पेट्रोलचा वास डोक्यात चढत होता. आधी काहीच नाही. तुम्ही ओरडून विचारलंत, "आलं का?" मी म्हटलं, नाही. तुम्ही पुन्हा दम भरून फुंकलंत, आणि आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. मग गुडगुड, गुडगुड. भरल्या माठात तांब्या बुडवताना येतो ना, अगदी तसा आवाज. मी तिथूनच ओरडले, "आला!" तुम्ही नळी जोडलीत, मला स्टार्टर मारायला सांगितलंत, आणि गाडी सुरू झाली. पंधरा मिनिटं न थांबता.

माझ्या बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरत तुम्ही सांगितलंत ते मी शब्दन् शब्द लक्षात ठेवलं आहे. टाकी आतून गंजली आहे. पंप पेट्रोल ओढतो तशा गंजाच्या खपल्या आतल्या जाळीवर येऊन बसतात आणि पेट्रोल अडतं. गाडी बंद पडली की ओढ थांबते, खपल्या सुटून खाली पडतात, म्हणून थोड्या वेळानं ती आपोआप सुरू होते. सपाटीला पेट्रोल कमी लागतं, तेवढं कसंबसं येत राहतं. चढावर जास्त लागतं, ते पुरत नाही. पाच महिने ज्याला कुणी माझी चूक, कुणी गाडीचं म्हातारपण म्हणत होतं, ते तुम्ही घाटाच्या कठड्यापाशी चार वाक्यांत सांगितलंत. आणि नुसतं सांगितलं नाहीत, माझ्या कानानं मला ऐकवलंत. मी खोटं बोलत नव्हते, वेडी नव्हते, हे त्या आवाजानं मला सांगितलं. काका, तुम्ही वळून बॉनेट लावत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही, मला रडू आलं होतं.

टाकी उतरवून धुतलीत, जाळी मोकळी केलीत, रबराच्या जुन्या नळ्या बदलल्यात, यातलं मला फारसं कळत नाही. पण जुन्या नळीचा तुकडा तुम्ही माझ्यासमोर वाकवून दाखवलात, आतून सगळीकडे भेगा. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, १९९७ च्या गाडीचं रबर त्यासाठी केलेलंच नाही, असं तुम्ही म्हणालात. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आणि आपल्याच गाडीची नळी! टाकी का गंजली तेही सांगितलंत. दोन वर्षं गाडी अर्ध्या टाकीवर उभी होती, रिकाम्या जागेत ओल धरली. "उभी ठेवायची तर टाकी भरून ठेवत जा," म्हणालात. मला दोष न देता म्हणालात. चूक खरोखर माझी होती तेव्हासुद्धा.

बिल झालं दोन हजार शंभर. वर पाचशे द्यायला गेले तर तुम्ही हात मागे घेतलात. पंप चांगला होता, उगीच बदलला, असं म्हणून दुसऱ्यांनी काढलेला जुना पंप डिकीतून शोधून माझ्या हातात ठेवलात, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. आधीच्या कुणाबद्दल वाकडा शब्द काढला नाहीत. मला तो संयम जमत नाही, हे वर दिसतंच आहे.

शाळेत रोज मुलांना सांगते, प्रश्न नीट ऐका, मग उत्तर द्या. मोठी माणसं हे किती विसरतात ते या पाच महिन्यांत पाहिलं. दवाखान्यात, कचेरीत, बँकेच्या काउंटरवर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर तयार असतं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्यांचं चालतं. ऐकून घेणारी, उन्हात रस्त्यावर उभी राहणारी, गिऱ्हाईक बाई आहे की बुवा हे न बघणारी. अण्णा असते तर त्यांनी तुम्हाला घरी नेऊन जेवायला वाढलं असतं आणि रात्रीपर्यंत सोडलं नसतं.

टाकीतून निघालेला गंज तुम्ही फेकणार होतात, तो मी मागून घेतला होता. जॅमच्या बाटलीत भरून वर्गात ठेवला आहे. सातवीच्या मुलांना गंजण्याचा धडा शिकवताना ती बाटली फिरवली. एका मुलीनं ती कानाशी धरून हलवली आणि म्हणाली, "बाई, आवाज येतो."

रविवारी आई माझ्यासोबत गाडीतून तुमच्याकडे येणार आहे. पुढच्या सीटवर बसून येणार, असं तिनं स्वतःच जाहीर केलं आहे. गव्हाची खीर करून आणणार आहे. दुपारी शेड बंद करू नका.

आपली,
पांढऱ्या मारुतीवाल्या बाई