कूलिंग टॉवरवरून उडून जाणारी उष्णता

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

दूध डेअऱ्यांत बॉयलर आणि चिलर सांभाळण्यात माझी हयात गेली. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवायचं आणि ४ अंशांपर्यंत थंड करायचं, हे आमचं मुख्य काम. थंड करताना अमोनियाचा कॉम्प्रेसर दुधातली उष्णता ओढून घेतो आणि ती कूलिंग टॉवरवरून हवेत जाते. भिंतीपलीकडे बॉयलरमध्ये ब्रिकेट (शेतातल्या काडीकचऱ्याचे दाबून केलेले ठोकळे) जळत असतं, १७० अंशांची वाफ होते. कशासाठी? क्रेट आणि पाइप धुवायला ६०-८० अंशांचं पाणी हवं म्हणून! (दूध तापवणारा पाश्चरायझर आपली बरीच उष्णता परत वापरतो, खरा खादाड धुलाई विभागच.)

टॉवरवर जाणारी ३५-४० अंशांची उष्णता उचलून ८५-९० अंशांवर नेणारा हीट पंप हा फ्रिजचाच थोरला भाऊ. एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. जर्मनीत मानहाइमला असा २० मेगावॅटचा पंप ऱ्हाइन नदीच्या पाण्यातून उष्णता काढून शहरातली घरं तापवतो. आपल्याला नदीही नको. उष्णता आमच्याच आवारात आहे.

अडतं ते हिशेबात. वीज ९ रुपये युनिट धरली तर पंपाची उष्णता ३ रुपयांना पडते. बॉयलरची गळती धरूनही ब्रिकेटची उष्णता त्याच्या आसपासच येते. मग पंपाचे पैसे कुठला मालक घालेल? दुपारच्या सौर विजेचा दर ६-७ रुपये झाला तर पारडं फिरतं. गरम पाणी तर उष्णतारोधक खनिज लोकरीत गुंडाळलेल्या टाकीत रात्रीपर्यंत टिकतं, बॅटरी लागत नाही.

दर वीज नियामक आयोग ठरवतो, हे ठाऊक आहे. पण वीज कायदा २००३ च्या कलम ६५ खाली सरकार अनुदान देऊ शकतं. यंत्रमागांना वीज सवलत देताच. तशीच सवलत हीट पंपाच्या वेगळ्या मीटरला, फक्त दिवसापुरती, दहा वर्षांसाठी लिहून द्या. दरवर्षी बदलणाऱ्या सवलतीवर बँक कर्ज देत नाही.

पावडर प्लांटच्या ड्रायरला मात्र यातलं काही सांगू नका, त्याला वाफच लागते. आधी चार सहकारी डेअऱ्या घ्या आणि त्यांच्या मीटरची नोंद दर महिन्याला जाहीर करा. पहिल्या डेअरीत पंप बसेल तेव्हा वाल्व्ह फिरवायला मी स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त बॉयलर इंजिनिअर