औषधांच्या किमती आणि कायद्यातले एक कलम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या दबावगटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. बडे उद्योग देणग्या देतात आणि लोकप्रतिनिधी त्यांच्या मर्जीने हात वर करतात, असा त्याचा सूर होता. देणग्यांचा मुद्दा खोटा नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने तर निवडणुकीतल्या स्वतंत्र खर्चाची, म्हणजे उमेदवाराच्या हाती पैसे न देता परस्पर प्रचारावर खर्च करण्याची, दारे कंपन्यांना सताड उघडली. पण खरी मेख कायद्याच्या मजकुरात मारलेली असते आणि लेखात तेच राहून गेले, म्हणून हे पत्र.

मी नाशिकमध्ये 31 वर्षे औषधांचे दुकान चालवले. 2019 मध्ये मुलीकडे न्यू जर्सीला असताना एकदा तिच्याबरोबर औषधे आणायला गेलो. रांगेत आमच्या पुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते. काउंटरवरच्या मुलीने रक्कम सांगितली. त्यांनी पाकिटातल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, रक्तदाबाच्या गोळ्यांची पुडी उचलली आणि इन्सुलिनचा खोका परत सरकवला. घरात थोडे आहे, तेच पुरवून वापरतो म्हणाले. इन्सुलिन पुरवून वापरणे म्हणजे काय, हे औषधविक्रेत्याला सांगावे लागत नाही. माझ्या उधारीच्या वहीत इन्सुलिनवाल्यांची नावे कायम असायची. त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, असा दुकानाचा नियमच होता. ज्या औषधाचे पेटंट संशोधकांनी 1923 मध्ये टोरोंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले, त्याची ही गत बघून मी त्या रात्री जेवलो नाही.

हे कसे झाले, ते नंतर वाचत गेलो. 2003 मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'मेडिकेअर' या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत गोळ्या-औषधांचा खर्च समाविष्ट केला. चांगलेच काम. पण त्याच कायद्यात एक कलम घातले गेले: औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस सरकारने करायची नाही. करोडो ज्येष्ठांच्या वतीने औषधे घेणाऱ्या गिऱ्हाइकालाच भाव विचारायला बंदी! त्याच सरकारचे माजी सैनिकांचे खाते मात्र कंपन्यांशी वाटाघाटी करून स्वस्तात औषधे घेत होते. प्रतिनिधीगृहातले मतदान पहाटे तीनच्या सुमारास सुरू झाले. एरवी पंधरा मिनिटांत संपणारे मतदान जवळपास तीन तास उघडे ठेवले गेले आणि विधेयक 220 विरुद्ध 215 मतांनी पार पडले. ते घडवण्यात पुढे असलेले, संबंधित समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन 2005 मध्ये औषध कंपन्यांच्या 'फार्मा' या संघटनेचे प्रमुख झाले.

यात नियमबाह्य काही नव्हते, हे समजून घ्यायला हवे. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे आणि तो कंपन्यांइतकाच रुग्णांनाही आहे. फरक पडतो तो ताकदीत. कंपन्यांची माणसे बारा महिने वॉशिंग्टनमध्ये असतात, मसुद्याचा शब्द न् शब्द वाचतात, खासदाराच्या सहायकाला आकडेवारी तयार करून देतात. रुग्ण औषधाच्या रांगेत उभा असतो. ज्येष्ठांची 'एएआरपी' ही प्रचंड मोठी संघटना 2003 मध्ये या कायद्याच्या बाजूने उभी राहिली. पुढे किमतींच्या वाटाघाटीसाठी तिनेच वर्षानुवर्षे जोर लावला, हेही नोंदवले पाहिजे.

आणि पैसा नसलेले गटही हरतातच असे नाही. मिनेसोटा राज्यात 2017 मध्ये 26 वर्षांचा एक मुलगा आईच्या विम्यातून बाहेर पडला आणि इन्सुलिन परवडेना म्हणून ते पुरवून वापरताना महिन्याभरात दगावला. त्याच्या आईवडिलांनी आणि मधुमेही कुटुंबांनी विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवल्या आणि 2020 मध्ये तातडीच्या इन्सुलिनचा कायदा करून घेतला. त्या कायद्याविरुद्ध 'फार्मा' लगेच कोर्टात गेली. मेलेल्या मुलाच्या नावाचा कायदा अडवायला कोर्टात जाणे मला आजही पचत नाही.

2003 चे ते कलम ढिले व्हायला 2022 उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने मेडिकेअरला निवडक औषधांच्या किमती ठरवण्याची मुभा दिली. पहिल्या दहा औषधांचे नवे दर जानेवारी 2026 पासून लागू झाले. त्यातल्या 'जानुविया' या मधुमेहाच्या गोळीची महिन्याची छापील किंमत 527 डॉलर होती, ती 113 वर आली. म्हणजे मधल्या वर्षांत किती जास्त मोजले गेले असतील! ज्येष्ठांना इन्सुलिन महिन्याला 35 डॉलरांत मिळू लागले. हीच मर्यादा खासगी विम्यालाही लावण्याचे कलम मात्र सिनेटमध्ये पडले. 60 मते हवी होती, 57 मिळाली. रांगेतल्या त्या गृहस्थांना दिलासा मिळाला असेल. काउंटरमागच्या त्या मुलीला मधुमेह असता, तर तिला या कायद्यातून काहीच मिळाले नसते.

आपल्याला एक विनंती आहे. अमेरिकेतला एखादा कायदा मंजूर झाल्याची बातमी देताना कोणते कलम आत घुसले, कोणते गळाले आणि त्यासाठी कोणत्या गटाने किती खर्च केला, हेही छापावे. 1995 च्या कायद्यानुसार लॉबिंग करणाऱ्यांना आपला खर्च सरकारदरबारी नोंदवावा लागतो. दर तिमाहीच्या त्या नोंदी कोणालाही पाहता येतात.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, नाशिक